हवेवरची गाडी, हातातला पाना

१९५७ साली अमेरिकेत कॅडिलॅकची ‘एल्डोराडो ब्रोहम’ १३,०७४ डॉलरला मिळत होती. तेवढा पैसा मोजणारा माणूस रोल्स-रॉइसच्या दुकानाचीही पायरी चढू शकत होता. ब्रोहमला स्टेनलेस स्टीलचं छत होतं, समोरच्या कप्प्यात चुंबकाने चिकटून राहणारे पेले होते, बाईसाहेबांसाठी अत्तराची सोय होती. चारही चाकांवर मात्र स्प्रिंगा नव्हत्या. त्यांच्या जागी रबरी पडद्याचे, हवेने भरलेले घुमट होते. गाडी रस्त्यावरून चालत नाही, तरंगते, असा कंपनीचा दावा होता आणि नव्या गाडीपुरता तो खराही होता. पुढे हवा गळू लागे. रात्री दिमाखात उभी केलेली गाडी सकाळी बूड टेकून बसलेली दिसे. १९५७ आणि १९५८ या दोन सालांत मिळून अशा ७०४ गाड्या बनल्या. त्यांतल्या कितीतरी मालकांनी कंटाळून ते घुमट काढून टाकले आणि साध्या पोलादी स्प्रिंगा बसवून घेतल्या.

पस्तीस वर्षांनी, १९९२ मध्ये, इंग्लंडातल्या सॉलिहलच्या कारखान्याने हाच डाव पुन्हा मांडला, तोही चिखलात जाणाऱ्या गाडीवर. त्या वर्षी रेंज रोव्हर हवेच्या सस्पेन्शनवर उभी राहिली. इथेही फुगे रबराचेच होते, गळतीही तशीच झाली आणि गाड्याही तशाच बसल्या. तरी या वेळी हवा हरली नाही. आज महागड्या ऑफ-रोड गाड्यांमध्ये एअर सस्पेन्शन ही नित्याची गोष्ट झाली आहे. मधल्या काळात रबर सुधारलं, इलेक्ट्रॉनिक्स आलं, हे खरंच. पण याहून मोठं एक कारण कारखान्याबाहेर घडलं. घरापुढच्या मोकळ्या जागेत, जॅक आणि घोडी लावून, मालकांनी हे काम स्वतः शिकून घेतलं. १९५८च्या अमेरिकेत जी विद्या कोणापाशीच नव्हती, ती २००५च्या ब्रिटनमध्ये शनिवारी सकाळी दर गल्लीत सापडू लागली होती.

मुळात हवेचा हट्ट कशासाठी? पोलादी स्प्रिंगेला वजन पेलायचा एकच मार्ग ठाऊक असतो, तो म्हणजे दबणं. मागे चार माणसं बसली, सामान चढलं, ट्रेलर जोडला की गाडीचं मागचं अंग खाली जातं आणि दिवे आभाळ दाखवू लागतात. स्प्रिंग ताठ केली तर रिकामी गाडी हाडं खिळखिळी करते. हवेच्या फुग्यात वजनाप्रमाणे आणखी हवा सोडता येते. गाडी पुन्हा मूळ उंचीवर येते आणि भार वाढला तसा फुगाही ताठ झालेला असल्यामुळे तिचा झोका जवळपास पूर्वीसारखाच राहतो. शिवाय उंची हवी तशी बदलता येते. नदी ओलांडताना गाडी वर, हमरस्त्यावर खाली.

कल्पना जुनीच. अमेरिकेत विल्यम हम्फ्रीज यांनी वाहनांसाठी हवेच्या स्प्रिंगेचं पेटंट मिळवलं ते १९०१ साली, म्हणजे फोर्डच्या मॉडेल टीच्याही सात वर्षं आधी. फ्रान्समध्ये जॉर्ज मेसिए यांनी १९२०च्या दशकात ‘बिनस्प्रिंगेच्या’ मोटारी विकायलाही काढल्या. त्या फारशा खपल्या नाहीत, पण मेसिए हे नाव पुढे विमानांच्या चाकांच्या यंत्रणेसाठी जगभर गाजलं. मोठमोठी विमानं ज्या पायांवर उतरतात त्या पायांतही हवा आणि तेलच असतं. मोटारीने नाकारलेली विद्या विमानाने उचलली, असं म्हणायला हरकत नाही.

मोटारीआधी हवा खऱ्या अर्थाने रुजली ती बसमध्ये. टायरवाली फायरस्टोन कंपनी १९३०च्या दशकापासून रबरी फुग्यांवर प्रयोग करत होती. १९४६ मध्ये विल्यम स्टाउट या हरहुन्नरी अभियंत्याने फायबरग्लासच्या सांगाड्याची एक प्रायोगिक गाडी या फुग्यांवर उभी केली. पुढे जनरल मोटर्सने बसला हवेचं सस्पेन्शन दिलं आणि १९५४ मध्ये ग्रेहाउंडची दुमजली धाटणीची ‘सीनिक्रूझर’ रस्त्यावर आली. अशा १,००१ बस बनल्या. बसमध्ये हे गणित चटकन जुळतं. रिकामी बस आणि भरलेली बस यांच्या वजनात टनांचा फरक असतो, ब्रेकसाठी कंप्रेसर मुळातच बसवलेला असतो आणि रोज रात्री गाडी डेपोत जाते, जिथे पगारी फिटर तिची वाट पाहत असतो. दादर–पुणे शिवनेरीने जाणाऱ्यांना व्होल्वोच्या बसचा थांबताना येणारा फुस्स आवाज पाठ झालेला असतो. घाटातल्या वळणावर आणि खड्ड्यांवर पाठीला जो आराम मिळतो, तोही याच घराण्यातला.

घरगुती मोटारीला डेपो नसतो. कॅडिलॅक जिच्या मालकीची होती त्या जनरल मोटर्सच्या ध्यानात ही गोष्ट आली नाही. ब्रोहमपाठोपाठ १९५८ मध्ये कंपनीने आपल्या सगळ्याच ब्रँडांवर हवेचं सस्पेन्शन जादा पैसे घेऊन देऊ केलं. शेव्हरोलेचं ‘लेव्हल एअर’, पाँटिअ‍ॅकचं ‘एव्हर-लेव्हल’, ओल्ड्समोबाइलचं ‘न्यू-मॅटिक’, ब्यूइकचं ‘एअर-पॉइझ’. नावं एकाहून एक हवेशीर. आतली यंत्रणा मात्र पूर्णपणे यांत्रिक होती. कंप्रेसर इंजिनावर चाले आणि उंची राखायचं काम छोट्या दांड्यांनी उघडझाप करणारे व्हॉल्व्ह करत. हवेतला दमटपणा नळ्यांत साचे, थंडीत गोठे, व्हॉल्व्ह गंजत. गावातल्या गॅरेजमध्ये गाडी नेली तर मिस्त्री बॉनेटखाली पाहून हात वर करी. कारण त्याच्याकडे ना भाग होते, ना नकाशा. दोन-तीन वर्षांत ही सगळी नावं माहितीपत्रकांतून गायब झाली.

त्याच वर्षांत अटलांटिकच्या पलीकडे दुसरी गोष्ट चालू होती. सित्रोएनच्या पोल माजेस यांनी हवा आणि तेल यांची जोडी जमवली. प्रत्येक चाकापाशी एक पोलादी गोळा, त्यात पडद्याआड नायट्रोजन, आणि उंची राखायचं काम दाबाखालच्या तेलाकडे. १९५४ मध्ये हा प्रयोग ‘त्राक्सिओं आव्हां’च्या मागच्या चाकांवर झाला आणि १९५५च्या पॅरिस प्रदर्शनात डीएस अवतरली तेव्हा चारही चाकांवर. पहिल्या दिवशी बारा हजारांच्या घरात मागण्या नोंदवल्या गेल्या. २२ ऑगस्ट १९६२ रोजी पॅरिसजवळ पेती-क्लामार इथे अध्यक्ष द गॉल यांच्या डीएसवर गोळ्यांचा वर्षाव झाला, टायर फुटले, तरी चालकाने गाडी भरधाव बाहेर काढली. सस्पेन्शनची इतकी नाट्यमय जाहिरात दुसऱ्या कुठल्या गाडीला लाभली नाही.

पण डीएस वीस वर्षं टिकली आणि सुमारे साडेचौदा लाख बनल्या, याचं श्रेय त्या प्रसंगाला देता येत नाही. ते चाकापाशी बसवलेल्या पोलादी गोळ्याच्या आट्यांना द्यायला हवं. नायट्रोजनचा दाब उतरला की तो गोळा एखाद्या फिल्टरसारखा फिरवून काढायचा आणि नवा बसवायचा. फ्रान्समधल्या खेड्यातल्या मिस्त्रीलाही हे जमू लागलं आणि हौशी मालकालाही. झिजणारा भाग वेगळा काढता येतो की नाही, यावर अशा यंत्रणेचं आयुष्य ठरतं. ब्रोहमला हे साधलं नव्हतं.

जर्मनांनी वेगळी वाट धरली. बोर्गवार्डने १९६० मध्ये हवेवरची मोठी गाडी काढली आणि पुढच्याच वर्षी कंपनी बुडाली, अर्थात कारणं निराळी होती. मर्सिडीजने १९६१च्या ३०० एसईला आणि १९६३च्या अवाढव्य ६००ला हवेचं सस्पेन्शन दिलं. ६००च्या गिऱ्हाइकांत मार्शल टिटोंपासून एल्व्हिस प्रेस्लीपर्यंत सगळे होते. या माणसांच्या गाड्या बसल्या तर त्या उठवायला नोकर होते. १९८१ पर्यंत एकूण २,६७७ ‘६००’ गाड्या बनल्या. हवा त्या काळात राजेरजवाड्यांपुरती उरली होती, असं म्हटलं तर फार चूक होणार नाही.

१९८४ मध्ये लिंकनच्या मार्क सेव्हनने दार पुन्हा किलकिलं केलं. आता कंप्रेसर विजेवर चालत होता, उंची सेन्सर मोजत होते आणि निर्णय एक छोटा संगणक घेत होता. गाडी जुनी झाल्यावर मालकांनी काय केलं असेल? अनेकांनी फुगे काढून स्प्रिंगा बसवल्या. त्यासाठी तयार संच विकणारा धंदाच उभा राहिला. ब्रोहमच्या काळात जे नाइलाजाने झालं, ते आता कॅटलॉगमधून मागवता येऊ लागलं.

रेंज रोव्हरची कहाणी इथे जोडली जाते. १७ जून १९७० रोजी ही गाडी बाजारात आली तेव्हा ती चैनीची नव्हती. स्पेन्सर किंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती शेतावर आणि हमरस्त्यावर सारखीच चालावी म्हणून बनवली होती. आतला भाग पाण्याचा पाइप मारून धुता येई. त्या काळातल्या बहुतेक जीपवजा गाड्या कमानी पाट्यांवर आदळत चालत. किंग यांनी मात्र चारही चाकांना लांब हालचालीच्या गुंडाळी स्प्रिंगा दिल्या आणि मागे भार पडला तरी पातळी राखणारा एक दांडा बसवला. गिऱ्हाईक मात्र शेतकऱ्यापेक्षा जमीनदाराकडे आणि पुढे शहरी श्रीमंताकडे सरकत गेलं. गालिचे आले, चामडं आलं, लाकूड आलं. १९९२ मध्ये लांब केलेली एलएसई आली तेव्हा तिच्यासोबत इलेक्ट्रॉनिक एअर सस्पेन्शन आलं. उतरताना गाडी खाली वाकून मालकाला अदबीने पायउतार होऊ देई आणि चिखलात शिरताना उंच होई. या जातीच्या गाडीत हे पहिल्यांदाच घडत होतं.

१९९४ मध्ये दुसरी पिढी आली. सॉलिहलच्या ज्या इमारतीत ती घडली तिच्या क्रमांकावरून लोक तिला ‘पी-३८ए’ म्हणतात. या दोन्ही पिढ्यांत फुगा वेगळा आणि शॉकअब्जॉर्बर वेगळा होता. फुग्याची रचना समजली की पुढचं सगळं कळतं. दोऱ्यांचे थर घालून मजबूत केलेली रबरी नळी खालच्या एका नळकांड्यावर, पायमोजा उलटा गुंडाळावा तशी दुमडत-उलगडत राहते. ही घडी रोज हजारो वेळा जागा बदलते. तिथे वाळू अडकते, रबर वाळतं, बारीक भेगा पडतात आणि एक दिवस तिथून हवा निसटते. फुगा म्हातारा होतो तो याच घडीत.

पी-३८एच्या मालकांचा फुग्याशी झगडा फार मोठा नव्हता, कारण चाप आणि खिळी काढली की फुगा सुटतो. खरा अडसर होता संगणकाचा. यंत्रणेला काही शंका आली की ती सगळी हवा सोडून देई, गाडी रबरी ठोकळ्यांवर आपटे आणि पडद्यावर सावकाश चालवण्याची आज्ञा उमटे. फुगा बदलला तरी संगणक रुसलेलाच राही. त्याचा रुसवा काढायचं यंत्र फक्त डीलरकडे होतं. म्हणजे काम दोन तासांचं, पण शेवटच्या क्षणी गाडी टोचन लावून डीलरच्या दारात न्यायची. काही संगणक जाणणाऱ्या मालकांनी गाडी आणि डीलरचं यंत्र यांच्यातली बोलणी उलगडली, घरच्या लॅपटॉपवर चालणारा प्रोग्राम लिहिला आणि फुकट वाटला. एक स्वस्त केबल आणि जुना लॅपटॉप एवढ्यावर जगभरच्या पी-३८ए पुन्हा उभ्या राहिल्या. प्रस्तुत लेखकाच्या मते या सबंध इतिहासातली ही सर्वांत मोलाची दुरुस्ती आहे, आणि तिला पाना लागला नाही.

ब्रिटनमध्येच हे का व्हावं, याला पार्श्वभूमी आहे. सिलोनमध्ये जन्मलेले जॉन हेन्स शाही हवाई दलात एडनला असताना त्यांनी एका मित्राची ऑस्टिन-हीली स्प्राइट पूर्ण सुटी केली, पायरी-पायरीने फोटो काढत पुन्हा जोडली आणि १९६६ मध्ये त्यावर पुस्तक काढलं. तिथून हेन्स मॅन्युअलची परंपरा सुरू झाली. गाडी खरोखर उघडायची, जोडायची आणि मगच लिहायचं, हा तिचा दंडक. या पुस्तकांनी कारकुनाला, शिक्षकाला, पाववाल्याला पाना धरायला शिकवलं. रेंज रोव्हर जुनी होऊन तिसऱ्या-चौथ्या मालकाकडे गेली तेव्हा ती अशाच माणसांच्या हाती पडली. गाडी घेण्यापुरते पैसे त्यांच्याकडे होते, डीलरची बिलं भरण्यापुरते नव्हते. महागड्या गाडीच्या घरगुती दुरुस्तीचा इतिहास हा खरं तर किंमत घसरल्यानंतरचा इतिहास आहे.

२००२ मध्ये तिसरी पिढी बाजारात आली आणि काम अवघड झालं. तिचा आराखडा बीएमडब्ल्यूच्या मालकीच्या काळात झाला होता, विक्रीला आली तेव्हा कंपनी फोर्डकडे होती. सांगाडा बदलला आणि चारही चाकं स्वतंत्रपणे हलू लागली. पुढच्या चाकांसाठी फुगा आणि शॉकअब्जॉर्बर एकाच उभ्या नळीत आले. यालाच एअर स्ट्रट म्हणतात. डावी-उजवी बाजू आतून जोडणारा व्हॉल्व्हही आला. खडकाळ जागी एका चाकाची हवा दुसऱ्याकडे जाऊ लागली आणि स्वतंत्र चाकं जुन्या अखंड अ‍ॅक्सलसारखी वागू लागली. त्याच कंपनीच्या, म्हणजे लँड रोव्हरच्या, २००४च्या डिस्कव्हरी ३ मध्ये चारही चाकांना असे स्ट्रट आले. ऑडी, फोक्सवॅगन, पोर्शे, मर्सिडीज यांच्या मोठ्या गाड्याही याच सुमारास हवेवर आल्या. आता नखाएवढी भेग पडली तरी अख्खा स्ट्रट बदलायचा, असा डीलरचा हिशेब झाला.

मग घरचे मिस्त्री हे कामही शिकले. त्यांच्या पद्धतीत एक शहाणपण मुरलेलं आहे आणि ते निदानापासून सुरू होतं. गाडी उभी असतानाही संगणक अधूनमधून जागा होतो आणि एक कोपरा खाली गेला असेल तर बाकीचे तीनही त्याच्या पातळीला आणतो. सकाळी सगळी गाडीच बसलेली दिसते आणि गुन्हेगार कोपरा लपून जातो. म्हणून रात्री सस्पेन्शनचा फ्यूज काढायचा, चाकाच्या मध्यापासून वरच्या कमानीपर्यंतचं अंतर चारही ठिकाणी टेपने मोजून लिहून ठेवायचं आणि सकाळी पुन्हा मोजायचं. मग साबणाचं पाणी. फुग्याच्या घडीवर आणि वरच्या नळीच्या जोडावर ते सोडलं की बुडबुडे साक्ष देतात. हे न करता थेट कंप्रेसर बदलणारे कमी नसतात. गळतीमुळे कंप्रेसर दिवसभर धापा टाकत राहतो, त्यातली ओलावा शोषणारी पूड निकामी होते, तो जळतो. नवा बसवला की काही दिवस बरं वाटतं आणि जुनी गळती त्यालाही खाते.

प्रत्यक्ष बदलताना पहिलं काम हवा सोडण्याचं. नळीत दहा बारच्या आसपास दाब असू शकतो आणि अर्धवट सैल केलेला जोड डोळा घेऊ शकतो. काही व्हॉल्व्ह स्ट्रटमध्ये थोडी हवा मुद्दाम राखून ठेवतात, म्हणून यंत्राने हवा सोडल्यावरही जोड हळूहळूच उघडायचा. गाडी सपाट, कठीण जमिनीवर, चेसिसखाली भक्कम घोड्यांवर हवी. नुसत्या जॅकवर किंवा हवेवर उभ्या गाडीखाली डोकं घालणाऱ्याला ही गाडी क्षमा करत नाही, कारण ती आपणहून खाली येते. दार उघडं ठेवलं की लँड रोव्हरच्या गाड्या उंची बदलायचं थांबवतात, पण त्या भरवशावर गाडीखाली शिरण्यात शहाणपण नाही.

मग चाक, स्टॅबिलायझरची दांडी, वरच्या आर्मचा बॉल जॉइंट, खालचा जाड बोल्ट. हा खालचा बोल्ट गंजून बुशात रुतलेला असतो आणि सगळ्या दिवसातला अर्धा वेळ तोच खातो. मिठाचा मारा झालेल्या इंग्रजी हिवाळ्याची ही भेट. सुटलेला चाकाचा भाग तारेने वर बांधावा लागतो, नाहीतर त्याचं सगळं ओझं ब्रेकच्या नळीवर आणि सेन्सरच्या बारीक वायरीवर येतं. बॉनेटखालचे वरचे नट सर्वांत शेवटी. नवा स्ट्रट वर चढवला की हवेच्या नळीचं टोक धारदार पात्याने काटकोनात कापून नव्या जोडात घट्ट बसवायचं. जुनंच चुरगळलेलं टोक घुसवलं तर दोन दिवसांत पुन्हा बुडबुडे.

सगळ्यांत मोठी चूक इथे, शेवटी होते. नवा स्ट्रट रिकामा असतो, फुगा अजून आपल्या घडीत बसलेला नसतो. अशा वेळी जॅक उतरवून सगळा भार त्याच्यावर टाकला की रबर वेडंवाकडं चिमटतं आणि नवा कोरा स्ट्रट तिथेच मरतो. म्हणून गाडी उचललेली असतानाच थोडी हवा भरायची, घडी नीट बसली की मग हळूहळू वजन द्यायचं. रबरी बुशांचे बोल्ट शेवटचे आवळायचे तेही गाडी नेहमीच्या उंचीवर असताना, नाहीतर बुश कायमचे पिळलेले राहतात. मग उंचीची जुळणी, आणि काम संपलं.

या घरगुती मिस्त्र्यांमागे एक बाजार उभा राहिला. जुने स्ट्रट घेऊन, शॉकअब्जॉर्बर तसाच ठेवून त्यावर नवं रबर आणि नव्या कड्या दाबून बसवणारे कारखाने निघाले. मूळ पुरवठादारांनी तेच भाग स्वतःच्या डब्यात विकायला काढले. त्यांच्याशेजारी चीनमधून येणाऱ्या स्वस्त नकलाही आल्या. त्यांतल्या काही बऱ्या, काही वर्षभरात पुन्हा गळणाऱ्या. स्प्रिंगांचे संचही होतेच. पण या वेळी बहुसंख्य मालक स्प्रिंगांकडे वळले नाहीत. दुरुस्ती आवाक्यात आली की माणूस आराम सोडायला तयार होत नाही. ब्रोहमच्या मालकांसमोर हा पर्यायच नव्हता.

कायदाही सावकाश मागून आला. युरोपीय संघाने २००२च्या नियमांत स्वतंत्र गॅरेजांना तांत्रिक माहिती द्यायला कंपन्यांना भाग पाडलं. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या मतदारांनी २०१२ मध्ये मोटार दुरुस्तीच्या हक्काच्या बाजूने सुमारे ८६ टक्के कौल दिला. गंमत अशी की कायदे होईपर्यंत हौशी लोकांनी बराच मार्ग आधीच मोकळा करून ठेवला होता. नव्या गाड्यांमध्ये मात्र भिंत पुन्हा चढते आहे. आता संगणकाशी बोलायलाच ऑनलाइन परवानगी लागते आणि ती घरच्या लॅपटॉपवर फुकट लिहिलेल्या प्रोग्रामला मिळत नाही.

महाराष्ट्राचा या कहाणीशी संबंध केवळ रस्त्यांपुरता नाही. २००८ मध्ये टाटा मोटर्सने जग्वार-लँड रोव्हर विकत घेतली. २०११ मध्ये पुण्यात लँड रोव्हरच्या फ्रीलँडर गाडीची जुळणी सुरू झाली. रेंज रोव्हरची जुळणी इथे सुरू व्हायला मात्र २०२४ साल उजाडलं, तीही पुण्यातच. आपल्याकडे मालक स्वतः गाडीखाली जात नाही, तो कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरच्या किंवा आपल्या पेठेतल्या ओळखीच्या मिस्त्रीकडे जातो. इंग्लंडात जे काम मालकाने केलं, ते इथे या स्वतंत्र मिस्त्रीने करायचं आहे. रबराला उन्हाळ्याचा ताप आणि पावसाळ्याचा चिखल इथे दोन्ही भरपूर, त्यामुळे काम मिळणारच. पण त्याला भाग आणि संगणकाची किल्ली मिळायला हवी. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी सुटे भाग आणि निदानाची यंत्रं खुल्या बाजारात मिळू न दिल्याबद्दल चौदा मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता. पुढे अपिलं झाली, काहींचा दंड कमीही झाला. २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, तिच्या यादीत मोटारींचंही नाव आहे. त्या यादीचा कायदा झालेला नाही. तोवर जुनी रेंज रोव्हर स्वस्तात मिळते म्हणून भुलणाऱ्याने आधी तिच्या संगणकाशी बोलू शकणारा मिस्त्री गाठावा आणि मगच सौद्याला बसावं.